केक पॉप्स, तिरंगा आणि पप्पांचा एक प्रश्न

(या एपिसोडमध्ये जे बोलले, ते इथे लिहून काढलंय. रेसिपीची मापं हवी म्हणून बऱ्याच जणांनी मेसेज केले होते, ती मध्येच सापडतील. बोलण्याच्या ओघातली वाक्यं तशीच ठेवली आहेत, सांभाळून घ्या.)

बसमध्ये असाल, मेट्रोमध्ये असाल किंवा रात्रीची भांडी घासत ऐकत असाल, तर आवाज थोडा वाढवा, कारण माझ्याकडे आज बाहेर पाऊस पडतोय आणि माइक तोही पकडणार.

पंधरा ऑगस्ट आठवड्यावर आलाय. म्हणून आजचा विषय आहे केक पॉप्स. हो, काडीवरचे ते छोटे गोल केक. तुम्ही म्हणाल, तू सॉफ्टवेअरवाली, दिवसभर कोड लिहितेस, तुझा आणि केकचा काय संबंध? संबंध असा, की गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "झेंडावंदनानंतर मुलांना काय द्यायचं?" आणि माझ्या बोटांनी डोक्याला न विचारता टाइप केलं, "मी करते काहीतरी." बस. तीन मिनिटांत पंधरा अंगठे आले. परतीचा रस्ता बंद.

आधी दोन वाक्यांत, केक पॉप म्हणजे काय. केक भाजायचा, हाताने त्याचा चुरा करायचा, थोडं क्रीम घालून लाडवासारखे गोळे वळायचे, काडी खोचायची आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचे. २००८ च्या सुमारास अमेरिकेत अँजी डडली या बाईंनी 'बेकरेला' नावाच्या आपल्या ब्लॉगवर हे केले आणि तिथून ते जगभर गेले. तिकडे चार जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला, लाल-पांढरे-निळे केक पॉप्स घरोघरी होतात. मी तेच व्हिडिओ बघितले आणि म्हटलं, आपल्याकडेही तीन रंग आहेतच की. सोप्पं आहे!

सोप्पं नव्हतं. पण ते नंतर.

आठवडाभर आधीच्या रविवारी मी ट्रायल घेतली. एकाच गोळ्यावर वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा. आणि मधल्या पट्ट्यावर टूथपिकने निळं चक्र. दोन तासांत सहा पॉप्स झाले. त्यातला बरा दिसणारा एक फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. आत्याने हार्ट पाठवलं, मावशीने "सुगरण गं!" लिहिलं. पप्पांचा मेसेज तासाभराने आला. एकच ओळ. "चक्राला चोवीस आऱ्या असतात. तुझ्या मोज."

मोजल्या. आठ होत्या.

माझे पप्पा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आता रिटायर झालेत. त्यांच्या शाळेत झेंड्याची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे. आदल्या दिवशी दोरी ओढून बघणं, फुलांच्या पाकळ्या घालून घडी बांधणं, ती गाठ अशी मारणं की एका झटक्यात सुटेल. मला आठवतंय, एका वर्षी पंधरा ऑगस्टला धो धो पाऊस आला आणि झेंडा चिंब भिजला. पप्पा तो घरी घेऊन आले. खादीचा झेंडा होता. आईने सवयीने तो तारेवर टाकायला घेतला, तर म्हणाले, "कपड्यांच्या तारेवर नको." घरातल्या एकुलत्या एका कॉटवर स्वच्छ चादर अंथरली, त्यावर झेंडा आडवा पसरला आणि फॅन लावला. त्या रात्री आम्ही सगळे खाली झोपलो. कॉटवर झेंडा झोपला होता. मी तेव्हा दुसरीत असेन.

तर अशा माणसाला मी आठ आऱ्यांचं चक्र पाठवलं होतं. काडीवर.

संध्याकाळी फोन केला. म्हटलं, "पप्पा, राग आला का?" म्हणाले, "राग नाही गं. एकच प्रश्न पडला. हे खायचं कसं? आधी केशरी चावायचा का हिरवा?"

मी गप्प. मग म्हटलं, "पप्पा, केक आहे तो. झेंडा नाहीये." ते म्हणाले, "बरं." आणि फोन आईकडे दिला. ज्यांचे वडील शिक्षक आहेत त्यांना या 'बरं'चा अर्थ माहीत असेल.

आता मी इंजिनिअर. वाद हरले की मी डॉक्युमेंटेशन वाचते. रात्री बसले लॅपटॉप घेऊन. आणि खरंच सांगते, जे वाचलं ते इंटरेस्टिंग होतं.

आपल्याकडे १९७१ चा एक कायदा आहे, राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अपमानाला प्रतिबंध करणारा. त्यात झेंड्याची व्याख्या केलीय आणि ती खूप रुंद आहे. फक्त कापडी झेंडा नाही. चित्र, फोटो, कुठल्याही पदार्थापासून बनवलेली किंवा कुठल्याही वस्तूवर काढलेली झेंड्याची प्रतिकृती, सगळं त्यात येतं. उशीवर, रुमालावर, नॅपकिनवर झेंडा छापायलाही त्यात मनाई आहे. हे वाचून मला घामच फुटला. सहा पॉप्स फ्रीजमध्ये होते!

मग पुढे एक निकाल सापडला. २०१३ च्या ख्रिसमसला कोइंबतूरमध्ये एका कार्यक्रमात सहा फूट बाय पाच फुटांचा केक कापला गेला. त्यावर तिरंगी रंगात भारताचा नकाशा, मध्ये अशोकचक्र. तक्रार झाली, केस झाली आणि २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाचा हेतू काय होता ते बघायला हवं. असा केक कापल्याने अपमान होत नाही.

जिंकले! लगेच बातमीची लिंक पप्पांना पाठवली, खाली लिहिलं, "बघा, कोर्टसुद्धा म्हणतंय." रात्रीचे साडेअकरा. पप्पा जागे होते. फोनच आला.

"वाचलं मी. कोर्ट म्हणालं गुन्हा नाही. पण मी कुठे म्हणालो गुन्हा आहे?"

"मग काय म्हणताय तुम्ही?"

"मी विचारतोय की तुला चालेल का. समोर पोरगं उभं राहील, चक्र दातांनी फोडेल, उरलेलं अर्धं खाली पडेल, पावसाच्या चिखलात. तू ते झाडूने लोटशील. तुला चालत असेल तर कर."

मला नव्हतं चालणार. हे मला त्यांनी विचारेपर्यंत माहीतच नव्हतं. आणि असं बघा, हा कायद्याचा प्रश्न राहिलाच नव्हता. ज्या मुलीच्या घरात झेंडा कॉटवर आणि माणसं जमिनीवर झोपली, तिला ते चालणार नव्हतं. तुमच्या घरी तसं नसेल, तुम्ही तिरंगी केक आनंदाने कापत असाल, तर माझं काही म्हणणं नाही. कोर्टानेही तेच सांगितलंय, हेतू बघा. पण मला माझं उत्तर मिळालं होतं.

मग डिझाइन बदललं. एका गोळ्यावर तीन रंग नाहीत. चक्र तर नाहीच. एक पॉप एका रंगाचा. काही केशरी, काही पांढरे, काही हिरवे. मुलं आपापला रंग उचलतील. कोणी झेंडा खात नाही, आणि ताटात सगळे मिळून दिसतात छान. पप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "हां. पांढऱ्याला खोबरं लाव, चांगलं लागेल." हा माणूस केकला 'पाव' म्हणतो, आणि टिप एक नंबरची दिली. कशी ते सांगते.

चला, आता किचनमध्ये. वही घ्या.

सोसायटीच्या पोलमध्ये ३४ मुलांची नावं आली. मी ठरवलं ४२ करू, प्रत्येक रंगाचे १४. थोडं मार्जिन हवं ना.

केक बिनअंड्याचा, कारण सगळ्यांना चालायला हवा. ४०० ग्रॅमचा कन्डेन्स्ड मिल्कचा एक डबा, २५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, एक छोटा चमचा खायचा सोडा, थोडा व्हॅनिला आणि साधारण एक कप दूध. १८० डिग्रीला ३५ ते ४० मिनिटं. याचा अंदाजे ९०० ग्रॅम केक होतो. केक पूर्ण गार होऊ द्या, आदल्या दिवशी केलात तर उत्तम. मग कडेचा ब्राऊन भाग सुरीने काढून टाका, नाहीतर चुऱ्यात कडक तुकडे लागतात. ते तुकडे चहाबरोबर खायला असतात, हा नियम आहे.

आता हाताने बारीक चुरा करा. ६० ग्रॅम बटर आणि ९० ग्रॅम आयसिंग शुगर फेटून घ्या आणि हे क्रीम चुऱ्यात थोडं थोडं घाला. सगळं एकदम ओतू नका. मी ट्रायलला ओतलं होतं, तर आत सगळा चिखल झाला आणि गोळे काडीवरून सरकत खाली आले. मुठीत दाबल्यावर लाडू वळतो आणि बोटाने मोडला तर भुगा होत नाही, तिथे थांबायचं. आपल्याला रव्याचा लाडू येतो ना? तोच अंदाज. हे तिकडच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही, कारण त्यांना लाडू माहीत नाही.

एक गोळा २५ ग्रॅमचा. वजनकाटा असेल तर वापरा. मोठा केलात तर काडी पेलत नाही.

काडीबद्दल एक गोष्ट. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर देशभर बंदी आहे. त्या यादीत कँडीच्या, आईस्क्रीमच्या आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आहेत, प्लास्टिकचे झेंडे आहेत आणि सजावटीचं थर्माकोलही आहे. म्हणजे काडी कागदाची घ्यायची. पुण्यात असाल तर रविवार पेठेत केकच्या सामानाच्या दुकानांत मिळते. आणि पॉप्स उभे करायला सगळे व्हिडिओवाले थर्माकोल दाखवतात, तेही नको. मी काय केलं? स्टीलचे उंच ग्लास तांदळाने भरले आणि त्यात काड्या खोचल्या. जास्त पॉप्स असतील तर बुटाचं खोकं उलटं करून भोकं पाडा.

आता चॉकलेट. तीन रंगांसाठी व्हाइट कंपाउंड, प्रत्येकी २५० ग्रॅम. खरं चॉकलेट असेल तर त्यात कोको बटर असतं आणि ते नीट टेम्पर केलं नाही तर डाग पडतात. कंपाउंडमध्ये दुसरी वनस्पती चरबी असते, ते वितळवा, बुडवा, सेट होतं. आपल्यासारख्यांनी कंपाउंडच घ्यावं.

आणि इथे, मंडळी, चौदा ऑगस्टच्या रात्री माझा पहिला अपघात झाला. केशरी रंगासाठी मी घरातला पाण्यासारखा लिक्विड रंग घातला. चार थेंब. ढवळलं, आणि डोळ्यांसमोर त्या मऊ मऊ चॉकलेटचा पिठासारखा गोळा झाला. का? कारण चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे बारीक कण. थोडंसं पाणी गेलं की ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. मग कितीही गरम करा, सुटत नाही. २५० ग्रॅम गेलं. रात्रीचे साडेदहा. शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये एक पाकीट होतं म्हणून वाचले. त्यामुळे लक्षात ठेवा, रंग तेलात मिसळणाराच घ्यायचा, लेबलवर बघून. भांडं आणि चमचा पूर्ण कोरडा. पातळ करायचं असेल तर एक चमचा बिनवासाचं तेल, दूध अजिबात नाही.

मायक्रोवेव्ह असेल तर तीस-तीस सेकंदांनी थांबून ढवळा. नसेल तर गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवा, पण वाफ आत जाऊ देऊ नका. वाफ म्हणजे पाणीच.

मग काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवायचं आणि मग गोळ्यात अर्ध्यापर्यंत खोचायचं. ते चॉकलेट गोंदाचं काम करतं. गोळे पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये. मग एका दमात बुडवायचं, वर काढायचं, मनगटावर हलकं हलकं आपटून जास्तीचं गाळायचं. गोल गोल ढवळायला जाऊ नका, गोळा निसटून आतच राहतो. मग चमच्याने मासेमारी.

दुसरा अपघात रात्री एकला. मी गोळे तासभर फ्रीजरमध्ये ठेवले होते, म्हटलं कडक होतील, सोपं जाईल. बुडवले, सुंदर दिसले, आणि पाच मिनिटांत टिक, टिक करत तडे जायला लागले. आतला गार गोळा खोलीच्या हवेत फुगतो आणि वरचं पातळ कवच फाटतं. त्यामुळे गोळा फक्त गार हवा, गोठलेला नको. आणि चॉकलेट कोमट हवं, चटका बसेल इतकं गरम नको.

आणि इथे पप्पांची टिप कामाला आली. पांढरे पॉप्स सगळ्यात जास्त तडकले होते. सगळे पुन्हा एकदा हलके बुडवले आणि ओले असतानाच डेसिकेटेड खोबऱ्यात घोळवले. एकही तडा दिसेना! हिरव्यांवर पिस्त्याची पूड. केशरी तसेच ठेवले.

शेवटची गोष्ट, ऑगस्टची हवा. तयार पॉप्स फ्रीजमध्ये ठेवून थेट बाहेर काढलेत तर त्यांना घाम फुटतो, रंग बोटांना लागतो. क्रीम आत थोडंच आहे, त्यामुळे एक रात्र बाहेर, फॅनखाली, झाकून चालतात. मी तेच केलं. दोन वाजता झोपले.

सकाळी साडेसात. पाऊस थांबलेला. झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं. मी टेबलावर तिन्ही रंग मांडले. मुलांची लाइन लागली. दहा मिनिटांत ताटं रिकामी. लोक फोटो काढतायत, मी एकदम हवेत.

आणि मग दिसलं, लाइन संपलीच नाहीये.

गेटजवळ वॉचमन काकांची दोन मुलं उभी होती. झाडलोट करणाऱ्या मावशींची नात होती. शेजारी बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथली चार-पाच लेकरं स्पीकरचा आवाज ऐकून आली होती आणि राष्ट्रगीताला आमच्या मुलांपेक्षा ताठ उभी होती. सात-आठ मुलं. माझ्याकडे शून्य पॉप्स.

मोठ्यांसाठी जिलेबी मागवली होती. ती दिली, भरपूर दिली. पंधरा ऑगस्टला जिलेबी ही आपली जुनी रीत, त्यात कमी काहीच नाही. पण एक सहा-सात वर्षांचा मुलगा जिलेबी हातात धरून दुसऱ्या मुलाच्या काडीकडे बघत होता. मागितलं नाही त्याने. नुसता बघत होता. मला अजून तो दिसतो.

घरी येऊन पप्पांना फोन केला. वाटलं, ते फोटो कसे आले विचारतील. मी आधी हेच सांगितलं. पप्पा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या शाळेचा पट ६२ होता. खाऊ मी ऐंशीचा आणायचो. पोरं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येतात. काहींची नावं पटावर नसतात, पण झेंड्याला येतात. पट बघून खाऊ आणायचा नसतो."

मी ऑफिसमध्ये वर्षभर लोकांना सांगत असते, युजर कोण आहे ते आधी शोधा, मग सिस्टिम बांधा. आणि मी पोल टाकला होता कुठे? फ्लॅटमालकांच्या ग्रुपवर. ज्यांची नावं त्या ग्रुपवर नाहीत ती मुलं माझ्या हिशोबात आलीच नाहीत. ४२ मधलं मार्जिनसुद्धा मी त्याच ३४ वर काढलं होतं.

म्हणून २६ जानेवारीला आधी खाली गेले. वॉचमन काकांना विचारलं, मावशींना विचारलं, शेजारच्या साइटवरच्या मुकादमांना विचारलं. ६३ केले, प्रत्येक रंगाचे २१. वहिनी आणि सोसायटीतल्या दोन कॉलेजच्या मुली मदतीला होत्या. थंडी होती, एकही तडा नाही, घाम नाही. तो मुलगा मात्र नव्हता. साइटवरचं त्याच्या आईवडिलांचं काम संपलं होतं, ते दुसरीकडे गेले होते. चार पॉप्स उरले. आणि मला उरलेले चार बघून जे बरं वाटलं, ते रिकाम्या ताटांनी वाटलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. गेल्या पंधरा ऑगस्टला संध्याकाळी झेंडा उतरवायला कोणी नव्हतं, मी आणि वॉचमन काका. पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सांगितलं तसं केलं. झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा दोन्ही बाजूंनी दुमडत आणायचा, चक्र वर दिसलं पाहिजे. मग दोन्ही तळहातांवर घेऊन जायचं. मी चक्राकडे बघितलं आणि उगाच मोजायला लागले. पप्पा स्क्रीनवरून म्हणाले, "चोवीसच आहेत. ने आता आत."

तर मंडळी, या वर्षीही करणार आहे. तुम्ही केलेत तर फोटो पाठवा, तडकलेले असले तरी पाठवा, उलट तेच आधी पाठवा. आणि करायच्या आधी एकदा गेटपर्यंत जाऊन मोजून या, किती जण आहेत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. स्वातंत्र्यदिनाच्या आगाऊ शुभेच्छा. काळजी घ्या, आणि चॉकलेटमध्ये पाणी घालू नका!